हाती आलेली चित्रे

पत्त्यांच्या कॅटातील बावन्न पानांपैकी चाळीस पाने एक्क्यासह अंकांची आणि उरलेली बारा चित्रांची असतात, आणि ज्याने बालपणी बदाम सात किंवा झब्बू यांपलीकडे फारसा पल्ला गाठलेला नाही अशा मनुष्याच्याही हाती राजा, राणी अथवा गुलाम आला म्हणजे त्याच्या मुद्रेवर जे समाधान उमटते, ते नव्वी किंवा सत्ती आली असता सहसा उमटत नाही. या समाधानाला आधारच नाही असे कोणी म्हणणार नाही. रंगीत पोशाखातील, हाती शस्त्र किंवा फूल धरलेली ती व्यक्ती अंकांच्या ठिपक्यांहून थोर आहे हे आपल्याला खेळाचे नियम शिकण्यापूर्वीच कळलेले असते. परंतु पोकर या खेळात, आणि विशेषतः टेक्सस होल्डेम या आज सर्वत्र रूढ असलेल्या त्याच्या प्रकारात, पहिल्या दोन पानांत दोन चित्रे आली म्हणून बेलाशक डावात शिरणाऱ्या नवशिक्याचे जेवढे द्रव्य या समाधानापायी खर्ची पडते, तेवढे हलक्या पानांपायी कधीच पडत नाही, कारण हलकी पाने तो निमूटपणे टाकून देतो. चित्राचे मोल त्या पानावर कायमचे कोरलेले असते ही समजूत या हानीच्या मुळाशी आहे. समोरच्याच्या हाती काय असू शकेल, डावात किती भिडू उरले आहेत आणि आपली बोलण्याची पाळी केव्हा येते, यांवरून ते मोल क्षणोक्षणी ठरत जाते. आणि ते कसे ठरते याचा हिशेब शाळेतल्या अंकगणितापलीकडे न जाता मांडता येतो. मला तो हिशेब अत्यंत रमणीय वाटत आला आहे, म्हणून तो येथे जरा विस्ताराने मांडण्याची मुभा घेतो.

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे आणि त्या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरविले अशी कथा सांगतात. त्या कथेमुळे असो वा सुट्टीमुळे असो, या सणात पुष्कळ घरांत पत्त्यांचा डाव बसतो, आणि मोठ्या माणसांचा असला तर तो बहुधा तीन पत्तीचा असतो. पोकरकडे वळणारा आपल्याकडचा भिडू तीन पत्तीची ही सवय बरोबर घेऊनच येतो, म्हणून प्रथम त्या सवयीचेच परीक्षण केलेले बरे. बावन्न पानांतून तीन पाने उचलण्याच्या एकंदर तऱ्हा २२,१०० आहेत. त्यांपैकी ३,७४४ तऱ्हांत जोडी लागते, कलर, सिक्वेन्स आणि ट्रेल यांच्या वाट्याला याहून पुष्कळच कमी तऱ्हा येतात, आणि तब्बल १६,४४० तऱ्हांत, म्हणजे शेकडा सुमारे ७४ वेळा, हातात काहीही जुळलेले नसते. अर्थात तीन पत्तीत चारांतील जवळजवळ तीन हात निव्वळ वरच्या पानाच्या बळावर उभे असतात, आणि अशा खेळात राजा व राणी हाती असणे ही खरीच मातबरी होय. तीन पत्तीच्या बैठकीत चित्रांवर विसंबणारा मनुष्य भोळा नसतो; त्या खेळाचे गणितच त्याच्या बाजूने साक्ष देत असते.

होल्डेमचे गणित मात्र निराळे आहे. तेथे प्रत्येक भिडूला दोन पाने उताणी न करता, ज्याची त्यालाच दिसतील अशी वाटतात, आणि मग मेजाच्या मध्यभागी पाच पाने सर्वांसाठी सामायिक म्हणून उघडली जातात: आधी एकदम तीन, ज्यांना फ्लॉप म्हणतात, मग एक, ते टर्न, आणि शेवटी आणखी एक, ते रिव्हर. आपली दोन व मधली पाच अशा सात पानांतून ज्याची उत्तम पाच पाने जुळतील त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेली सारी रक्कम. सात पानांना जुळण्यासाठी जी मोकळीक मिळते तिच्यामुळे न जुळलेल्या हातांचे प्रमाण शेकडा ७४ वरून १७ वर उतरते. शेकडा सुमारे ४४ हातांत एक जोडी आणि २३ हातांत दोन जोड्या लागतात, आणि उरलेले पंधराएक हात तिकड्यापासून वरचे असतात. जेथे बहुतेक सर्वांचेच काही ना काही जुळते, तेथे नुसत्या थोर पानाला विचारतो कोण? राजा तेथे स्वतः लढून जिंकत नाही. मध्ये दुसरा राजा उघडला तर त्याची जोडी होते, आणि मग त्या जोडीच्या शेजारी आपले दुसरे पान कोणते आहे या दुय्यम वाटणाऱ्या गोष्टीवर सारा निवाडा येऊन ठेपतो.

पोकरचा आरंभ चित्रांच्याच राज्यात झाला, ही या इतिहासातील एक फार मनोवेधक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर जो पोकर खेळला जाई, त्यात अवघी वीस पाने असत: चार एक्के, चार राजे, चार राण्या, चार गुलाम आणि चार दश्श्या. चार भिडूंना पाच-पाच पाने वाटली की कॅट संपला. पाने बदलून घेणे नाही, मध्ये काही उघडणे नाही, बोली करायची आणि दाखवायचे. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने १८२९ च्या डिसेंबरात आगबोटीवर हा खेळ पाहिल्याचे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, आणि स्वतः पूर्वी जुगारी असलेल्या जोनाथन ग्रीन याने १८४३ साली जुगाराविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात वीस पानांच्या या पोकरचे वर्णन केले आहे. त्या विसांपैकी बारा पाने चित्रांची असल्यामुळे चित्र हाती येण्यात कोणालाच अप्रूप वाटण्याचे कारण नव्हते; ज्याच्या हातात चित्र नाही असा भिडू त्या मेजावर क्वचितच सापडला असता. पुढे अधिक माणसांना खेळता यावे आणि पाने बदलून घेता यावीत म्हणून पूर्ण बावन्न पानांचा कॅट आला, दुर्रीपासून नव्वीपर्यंतची बत्तीस पाने खेळात शिरली, आणि तेव्हा कोठे चित्र हे विरळ व म्हणून हवेहवेसे झाले.

या वीस पानांच्या खेळाचे मूळ इराणातील आस-नास या खेळात आहे असे मत बराच काळ प्रचलित होते. त्यात सिंह, शाह, बीबी, सरबाज आणि लकात अशा पाच पायऱ्यांची पाने असत, वीस किंवा पंचवीस, आणि प्रत्येक पानावर चित्रच. अलीकडच्या अभ्यासकांचा कल मात्र पोक नावाच्या फ्रेंच आणि पोखन नावाच्या जर्मन खेळाकडे आहे, आणि १८०३ पर्यंत लुइझियाना प्रांत फ्रेंचांशी निगडित होता हे ध्यानात घेतले म्हणजे तो कल मलाही सयुक्तिक वाटतो. तरीही आस-नासचा उल्लेख मराठी वाचकांसमोर टाळवत नाही, कारण ती पाने ज्या गंजिफांच्या कुळातली, त्यांची एक शाखा आमच्या सावंतवाडीस आजही जिवंत आहे. तेथील भोसले राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी, लोपत चाललेली ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफांत १२० वाटोळी पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा अंक. तेथे राजावर कोणी नाही. निम्म्या रंगांत अंकांचा क्रम उलटा होऊन एक्का दश्शीहून वर चढतो, परंतु राजाच्या आसनाला तोही हात लावू शकत नाही. याउलट आपल्याकडे तीनशे चार खेळणाऱ्यांना ठाऊकच आहे की तेथे गुलाम तीस गुणांचा धनी होऊन सर्वांच्या शिरावर बसतो, त्याच्याखाली वीस गुणांची नव्वी येते, आणि राजा व राणी तीन व दोन गुणांवर दिवस कंठतात. पानावरचे चित्र तेच. त्याचा हुद्दा त्या त्या खेळाच्या सनदेवर अवलंबून.

होल्डेमच्या सनदेत एक्का सर्वांत वर, आणि म्हणून राजा कायमचा दुसरा आहे. ही एक गोष्ट पक्की धरून आता मोजणी करू.

बावन्न पानांतून दोन पाने मिळण्याच्या तऱ्हा १,३२६. त्यांपैकी निदान एक तरी चित्र असलेल्या ५४६, म्हणजे शेकडा ४१ हून अधिक. दोन्ही चित्रे असलेल्या ६६, म्हणजे शेकडा पाचास किंचित कमी. नवशिक्याच्या मोहाचे बीज या दोन आकड्यांतच आहे असे मला वाटते. एक चित्र दर पाच डावांत दोनदा समोर येते, त्यामुळे त्याची सवय होते. दोन चित्रे वीस डावांत एकदाच येतात, त्यामुळे ती आली म्हणजे इतका वेळ पाने टाकून टाकून कंटाळलेल्या मनाला आपली पाळी आली असे वाटू लागते. त्या ६६ तऱ्हांत जोड्या, म्हणजे दोन राजे, दोन राण्या किंवा दोन गुलाम, फक्त १८ आहेत. उरलेल्या ४८ तऱ्हा राजा-राणी, राजा-गुलाम आणि राणी-गुलाम अशा बेजोड पानांच्या, आणि त्यांतही एकाच रंगाच्या अवघ्या १२. म्हणजे दोन चित्रे आली असता निम्म्याहून अधिक वेळा ती बेजोड आणि भिन्न रंगांची असतात, आणि खरा प्रश्न त्यांचाच आहे.

बेजोड पाने हाती असताना फ्लॉपच्या तीन पानांत आपल्या दोहोंपैकी एकाची तरी जोडी लागण्याचा संभव शेकडा ३२ आहे. तीनांतील दोन वेळा काहीच लागत नाही. येथपर्यंत राजा-राणी आणि सत्ती-दुर्री यांत तिळमात्र भेद नाही. फ्लॉप चित्रांचा मुलाहिजा ठेवत नाही. भेद पडतो तो लागल्यावर. सत्तीची जोडी लागली तर मनुष्य सावध राहतो, राजाची लागली तर निःशंक होतो, आणि नेमक्या त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या हाती एक्का-राजा असेल तर राजा दोघांनाही लागलेला असतो, परंतु सोबतचे पान मात्र त्याचे सरस असते. आपल्याला हवे होते तेच पान आले, आणि तेच आपल्याला बुडवून गेले. दोघांत एक पान समान आणि दुसरे पान एकाचे वरचढ अशी ही जी अवस्था, ती होल्डेममधील सर्वांत महाग अवस्था होय, आणि चित्रे तिच्यात इतर पानांहून अधिक वेळा सापडतात, कारण बोली करून डावात राहणारे लोक मोठीच पाने घेऊन राहतात.

मोजून पाहता हे स्पष्ट होते. माझ्या हाती राजा-राणी असताना समोरच्या एका भिडूच्या हाती असू शकणाऱ्या १,२२५ तऱ्हांपैकी एक्का-राजाच्या १२, एक्का-राणीच्या १२, राजांच्या जोडीच्या ३ आणि राण्यांच्या जोडीच्या ३, मिळून ३० तऱ्हा मला अशा रीतीने दाबणाऱ्या आहेत. राजा-गुलाम असेल तर एक्का-राजा, एक्का-गुलाम, राजा-राणी आणि त्या दोन जोड्या मिळून हा आकडा ४२ होतो. राणी-गुलाम असेल तर वर दोन पायऱ्या मोकळ्या असल्यामुळे तो ५४ वर जातो. दर पायरीस बाराची भर. दरबारातील उतरंड इतक्या नेमकेपणाने आकड्यांत उतरलेली पाहून मला फार आनंद झाला होता. मेजाभोवती आणखी आठ भिडू असतील तर त्यांपैकी निदान एकाच्या हाती असे दाबणारे पान असण्याचा संभव राजा-राणीच्या बाबतीत शेकडा सुमारे १८, राजा-गुलामाच्या बाबतीत २४ आणि राणी-गुलामाच्या बाबतीत ३० येतो.

हे झाले कोणी काहीच बोललेले नसताना. पण समजा, आपल्या आधीच्या एका जपून खेळणाऱ्या भिडूने बोली वाढविली. असा मनुष्य एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम आणि राजा-राणी एवढ्याच हातांवर बोली वाढवितो असे धरू. माझ्या हाती राजा-गुलाम आहेत. ती दोन पाने वजा जाता त्याच्या हाती असू शकणाऱ्या तऱ्हा ७६ उरतात. त्यांपैकी ५४ तऱ्हांत, म्हणजे एक्के, राजे, राण्या वा गुलाम यांची जोडी, एक्का-राजा, एक्का-गुलाम किंवा राजा-राणी असता, माझी अवस्था बिकट आहे. एक्का-राणीच्या १६ तऱ्हांत माझा वाटा शंभरात चाळीसच्या आसपास राहतो. दश्श्यांच्या जोडीच्या ६ तऱ्हांत सामना जवळजवळ बरोबरीचा होतो, पण तेथेही पारडे किंचित त्याच्याकडेच. शहात्तरांत एकही तऱ्हा अशी नाही की जिच्यापुढे मी वरचढ आहे. ज्या दोन चित्रांकडे पाहून मघाशी छाती फुगली होती, त्यांची सारी मिळकत एका मनुष्याच्या एका बोलीने जप्त झाली, आणि पानांना कोणी स्पर्शही केलेला नाही.

याहून आश्चर्य वाटावे असा एक पडताळा आहे. समोर एक्का-राजा असेल तर राजा-गुलामाला शंभरांत सुमारे पंचवीस वेळा जिंकता येते. एकाच रंगाच्या सत्ती-छक्कीला मात्र सुमारे चाळीस वेळा. सत्ती किंवा छक्की लागली तर ती तिची स्वतःची असते, तिच्यात प्रतिपक्षाचा वाटा नसतो. राजा लागला तर तो आधी त्याचा आणि मग माझा. याचा अर्थ सत्ती-छक्की हे राजा-गुलामाहून चांगले पान आहे असा कोणी करू नये. समोरचे पान पूर्णपणे अज्ञात असेल तर भिन्न रंगांचे राजा-राणी शंभरांत सुमारे ६१ आणि राणी-गुलाम सुमारे ५८ वेळा जिंकतात, आणि सत्ती-छक्कीची अशी ऐपत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि त्या एकदम खऱ्या असतात हे समजणे म्हणजे हा खेळ समजू लागणे.

जोड्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे मोल वादातीत आहे. गफलत होते ती फ्लॉपनंतर. राजांच्या जोडीवर भारी अशी एक्क्यांची एकच जोडी, आणि आठ प्रतिपक्ष्यांपैकी एखाद्याकडे ती असण्याचा संभव शेकडा चारही नाही. त्या भयाने राजे टाकून देणारा मनुष्य मला समजू शकत नाही. परंतु फ्लॉपवर राजांच्या डोक्यावर एक्का उघडण्याचा संभव शेकडा साडेबावीस. राण्यांवर एक्का किंवा राजा उघडण्याचा ४१. आणि गुलामांवर तिन्हींपैकी काहीतरी उघडण्याचा तब्बल ५७. गुलामांची जोडी घेऊन बसलेला भिडू निम्म्याहून अधिक वेळा फ्लॉपनंतर अस्वस्थ असतो तो यामुळे, आणि पोकरच्या वर्तुळात या जोडीविषयी जेवढी गाऱ्हाणी ऐकू येतात तेवढी दुसऱ्या कोणत्याही चांगल्या पानाविषयी ऐकू येत नाहीत. फ्लॉपवर आपला तिसरा भाईबंद येऊन तिकडा लागण्याचा संभव मात्र तिघांनाही सारखाच, आठ-नऊ वेळांत एकदा.

एकाच रंगाची चित्रे असण्याला नवशिका वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतो आणि जाणता वाजवी तेवढेच देतो. एका रंगाची दोन पाने असता फ्लॉपवरच फ्लश, म्हणजे एका रंगाच्या पाच पानांचा हात, पुरा होण्याचा संभव शंभरांत एकाहूनही कमी आहे. पण चार पाने रंगाची होऊन पाचव्याची आशा लागण्याचा संभव शेकडा ११ आहे, आणि ही आशा हरणाऱ्या राजाला टिकून राहण्याचे दुसरे साधन देते. सलग क्रमाच्या, म्हणजे स्ट्रेटच्या, बाबतीत चित्रांची थोरवीच त्यांना अडचणीची होते: गुलाम-दश्शी दोन्ही वापरून चार निरनिराळे स्ट्रेट बनू शकतात, राणी-गुलामाचे तीन, राजा-राणीचे दोनच, कारण एक्क्यापलीकडे शिडीला पायरीच नाही. डेव्हिड स्क्लान्स्की या ग्रंथकाराने मेसन मॅलमथसह पहिल्या दोन पानांचे जे आठ वर्ग लावले आणि ज्यांवर एक अख्खी पिढी शिकली, त्यांत एका रंगाचे राजा-राणी दुसऱ्या वर्गात आहेत, राजा-गुलाम व राणी-गुलाम तिसऱ्यात. तीच पाने भिन्न रंगांची असली की राजा-राणी चौथ्यात उतरतात आणि बाकीची दोन पाचव्यात जाऊन बसतात. आजचे संगणकी विश्लेषण या वर्गवारीत फेरफार सुचविते, पण रंग सुटला की चित्रांची पायरी उतरते हा तिचा गाभा अबाधित आहे.

वर्गवारीहूनही मोठी गोष्ट बसण्याच्या जागेची. होल्डेममध्ये वाटणाऱ्याची जागा दर डावाला एकेका भिडूकडे सरकत जाते, आणि फ्लॉपपासून पुढे वाटणाऱ्याने सर्वांच्या शेवटी बोलायचे असते. शेवटी बोलणाऱ्याला इतरांनी काय केले हे आधी कळते. ही माहिती म्हणजे या खेळातील सर्वांत खात्रीचे भांडवल होय. भिन्न रंगांचे राजा-गुलाम नऊ जणांच्या मेजावर पहिल्याने बोलणाऱ्याने टाकून द्यावेत, कारण त्याच्यामागे आठ जणांच्या मसलती अजून व्हायच्या आहेत. तीच पाने, आधीच्या सर्वांनी आपापली पाने टाकली असता, वाटणाऱ्याच्या जागेवरून निर्धास्तपणे बोली वाढविण्याच्या योग्यतेची ठरतात, कारण आता त्याच्यानंतर बोलणाऱ्या दोघांचाच अडथळा उरला आणि फ्लॉपपासून पुढे त्या दोघांना त्याच्या आधी बोलावे लागेल. भिडूंची संख्या दोनवर आली की चित्रांचे दिवस खरोखरच पालटतात. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दोन भिडूंचा, मर्यादित बोलीचा होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सोडवून दाखविला, आणि दोघांच्या खेळात कोणते पान टाकावे याच्या कल्पना मोठ्या मेजाच्या कल्पनांहून किती निराळ्या आहेत हे तेव्हा सर्वांसमोर आले; तेथे कोणतेही एक चित्र हाती असलेला भिडू सहसा डाव सोडत नाही. पोकरच्या बोलीतील हुलकावणीवर गणिती विचार जॉन फॉन नॉयमन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केला होता. त्या विचाराला या खेळातील एका प्रकाराचे जवळजवळ संपूर्ण उत्तर मिळायला इतकी दशके लागली, यावरून दोन पानांच्या या डावाची खोली लक्षात यावी.

हे सारे ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पणजीला मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर पोकरची मेजे आहेत, आणि गोव्याच्या कायद्याने त्यांना परवानगी आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना संसदेने २०२५ साली देशभर मनाई केली. यात चित्रांच्या अभ्यासकाचे काहीच बिघडत नाही. घरात चिंचोके वाटून घ्यावेत, एकाला मुद्दाम राजा-गुलाम द्यावेत, दुसऱ्याला वर सांगितलेल्या यादीतील पाने आळीपाळीने द्यावीत, आणि मधली पाच पाने पिसून पिसून उघडत जाऊन कोणाकडे किती चिंचोके साचतात ते पाहावे. संध्याकाळ सरेपर्यंत जो बोध होतो तो पोकरवरच्या जाड ग्रंथांनीही सहज होत नाही, आणि घरातील लहान मुलांना संभवाच्या गणिताचा इतका प्रत्यक्ष पाठ दुसरीकडे क्वचितच मिळेल.

अखेर ज्या एका डावाने हा खेळ लाखो नव्या लोकांपर्यंत नेला त्याचा तपशील देतो, कारण त्यात चित्राची बाजू पूर्ण न्यायाने मांडता येते. बेनी बिनियन यांनी १९७० साली लास व्हेगसला सुरू केलेल्या जागतिक स्पर्धेत २००३ साली ८३९ जण उतरले होते, आणि शेवटी ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हिशेबनीस आणि सॅम फर्हा हा मुरलेला व्यावसायिक असे दोघेच उरले. शेवटच्या डावात फर्हाकडे गुलाम-दश्शी होती, मनीमेकरकडे पंजी-चौकी. दोघांच्या खेळात गुलाम-दश्शी हे उत्तम पान, आणि पंजी-चौकीपुढे तर ते शंभरांत साठाहून अधिक वेळा जिंकणारे. फर्हाने ते खेळण्यात काडीचीही चूक केली नाही. फ्लॉपवर गुलाम, पंजी आणि चौकी उघडली. फर्हाला मेजावरची सर्वांत वरची जोडी लागली, आणि त्याच तीन पानांनी मनीमेकरला दोन जोड्या दिल्या. फर्हाने सर्व चिप्स लोटल्या, मनीमेकरने त्या स्वीकारल्या. टर्नला अठ्ठी आली, रिव्हरला पंजी, आणि तीन पंज्या व दोन चौक्या यांचे फुल हाउस पंचवीस लाख डॉलर घेऊन गेले. त्या स्पर्धेच्या १९७६ आणि १९७७ या दोन्ही वर्षी डॉइल ब्रन्सन हा जेव्हा जिंकला, तेव्हाही दोन्ही वेळा त्याच्या शेवटच्या हातात दश्शी-दुर्री होती. अशा गोष्टी ऐकून कोणी दुर्री-दश्शीवर द्रव्य लावू लागला तर तो चित्रांवर भाळणाऱ्याइतकाच फसेल, कारण त्या हातांच्या वेळी दोनच भिडू उरलेले होते आणि प्रतिपक्ष्याच्या स्वभावाची कित्येक तासांची पाहणी झालेली होती. फर्हाचा गुलाम पाने वाटली तेव्हा श्रेष्ठ होता, फ्लॉप उघडला तेव्हा मागे पडला, आणि त्या दोन क्षणांच्या मध्ये मेजावर अवघी तीन पाने पडलेली होती.